पऱ्हाटीचा कोळसा आणि जमिनीची भूक

(विदर्भातील एका गावी झालेल्या कापूस उत्पादकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी माझी ओळख 'तज्ज्ञ' अशी करून दिली. तो गैरसमज आधी दूर करतो. मी पत्रकार आहे, शिक्षण कला शाखेचे. मातीविषयी मला जे थोडेफार कळते, ते शेतकऱ्यांच्या बांधावर आणि संशोधकांच्या दारी बसून कळलेले आहे. आणखी एक कबुली देतो. आमच्या व्यवसायाला दर दोन वर्षांनी एखादे 'काळे सोने' सापडते. मथळा छापून होतो, शेतकरी खर्चात पडतो आणि बातमीदार पुढच्या चमत्काराच्या शोधात निघतो. म्हणून आज बायोचारविषयी बोलताना त्याच्या गुणांइतक्याच त्याच्या मर्यादाही सांगणार आहे.

या गावात शिरताना दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांवर पऱ्हाटीचे ढीग दिसले. काही ठिकाणी ढीग नव्हते, जमिनीवर काळे-पांढरे डाग होते. म्हणजे तेथे काडी लावून झाली होती. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. ती लवकर कुजत नाही. धुऱ्यावर ठेवावी तर तिच्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा आपल्याच शेतात येते. २०१७ साली या अळीने जो हाहाकार केला, तो येथे बसलेल्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. तेव्हा शेतकरी पऱ्हाटी जाळतो, तो अडाणीपणाने नव्हे. त्याला शेत मोकळे करायचे असते आणि हाताशी दुसरा स्वस्त उपाय नसतो. त्याला दोष देणाऱ्यांनी एकदा एक एकर पऱ्हाटी स्वतः उपटून पाहावी.

पण जळते काय, हे पाहिले पाहिजे. माती परीक्षणाच्या पत्रिकेत 'सेंद्रिय कर्ब' असा एक रकाना असतो. हा कर्ब अर्ध्या टक्क्याहून खाली असेल तर जमीन कमी कर्बाची समजतात. आपल्यापैकी कित्येकांच्या पत्रिकेत आकडा त्याच्या खालीच असेल. कर्ब कमी झाला की जमीन पाणी धरत नाही, दिलेले खत धरत नाही, जिवाणूंना घर उरत नाही. पीक हवेतून जो कर्ब गोळा करते, तो पऱ्हाटीत साठलेला असतो. काडी लावली की तो जवळजवळ सगळाच परत हवेत जातो. उरते मूठभर राख, तीही पहिल्या वावटळीत उडते.

बायोचार म्हणजे या जळण्याला मध्येच दिलेला लगाम. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात आणि ते वायू पेटतात, तीच ज्योत. वायू निघून गेल्यावर मागे राहतो तो कोळसा. त्याला हवा मिळाली की त्याची राख होते. हवा तोडली की तो कोळसाच राहतो. पऱ्हाटीतल्या कर्बाचा साधारण निम्मा भाग अशा रीतीने वाचवता येतो आणि तो जमिनीत शेकडो वर्षे टिकू शकतो. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात मूळच्या निकस, आम्लधर्मी जमिनींमध्ये काळ्याभोर मातीचे पट्टे सापडतात. त्यात कोळसा, हाडे आणि खापरांचे तुकडे मिसळलेले आहेत. युरोपीय लोक तेथे पोहोचण्यापूर्वीच्या वस्त्यांची ती खूण आहे आणि ती माती आजही सुपीक आहे.

हे ऐकून कोणीतरी म्हणेलच की, आमच्या कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, म्हणजे हे आमच्याकडे पूर्वीपासून होतेच. परंपरेचा अभिमान मलाही आहे, पण तो खऱ्या गोष्टीचा असावा. राबात उद्देश तण आणि किडीचा नाश करण्याचा व राखेचा लाभ घेण्याचा असतो. कोळसा तेथे चुकून उरतो. कोळसा पाडण्याची कला मात्र आपल्याकडे निश्चित होती. 'लोणारी कोळसा' हा शब्दच त्याची साक्ष देतो. अलीकडच्या काळात पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा आणि त्याच्या कांड्या करण्याचे तंत्र विकसित केले. त्यासाठी २००२ साली संस्थेला ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता, शेतासाठी नव्हे. पण शेतातला कचरा शेतातच कोळसा करता येतो हे त्यातून दिसले. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने पऱ्हाटी, तुराट्या यांच्या बायोचारसाठी तेलाच्या पिंपाची साधी भट्टीही बसवली.

पिंप नसेल तर खड्डा पुरतो. वर पाचेक फूट रुंद, तीन फूट खोल आणि खाली निमुळता. तळाशी जाळ करायचा आणि वाळलेल्या पऱ्हाटीचा एकेक थर टाकत जायचे. वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर. वरची ज्योत हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालचा कोळसा जळत नाही. धूरही त्या ज्योतीतच जळतो. धूर फार निघू लागला तर समजावे की पऱ्हाटी ओली आहे किंवा आपण घाई करतो आहोत. खड्डा भरला की पाणी ओतून विझवायचे. उन्हाळ्यात पाणी नसेल तर मातीने घट्ट झाकायचे. 'विझला असेल' म्हणून घरी जाऊ नये. पहाटेपर्यंत सगळ्याची राख झालेली मी पाहिली आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी उत्साहाने ताजा कोळसा कुटून थेट मेथीच्या वाफ्यात मिसळला. मेथी पिवळी पडली. पत्नी म्हणाली, "अहो, याच्यापेक्षा उकिरड्यातलं खत बरं नव्हतं का?" तिचे बरोबर होते. कोरा कोळसा भुकेला असतो. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत तो जमिनीतले नत्रच ओढून धरतो. म्हणून त्याला आधी जेवू घालावे लागते. शेणकाला, गोमूत्र किंवा जीवामृतात भिजवून अथवा शेणखताच्या ढिगात मिसळून दोन-तीन आठवडे ठेवावा. मग तो पिकाचे घेत नाही, पिकाला धरून ठेवतो. विझवतानाच शेणकाल्याचे पाणी वापरले तर एका कामात दोन कामे होतात.

मर्यादा सांगायच्या राहिल्या. एक टन पऱ्हाटीतून साधारण पाव टन कोळसा मिळतो. प्रयोगशाळांतल्या चाचण्यांत हेक्टरी पाच-दहा टन टाकतात. तेवढा आपण आणणार कोठून? म्हणून तो सगळ्या शेतभर न फेकता फळझाडाच्या खड्ड्यात, भाजीच्या सरीत, टोकणीच्या जागी द्यावा. दुसरे, बायोचारचा सर्वाधिक गुण आम्लधर्मी आणि हलक्या जमिनीत दिसून आला आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू आधीच आठच्या आसपास असतो आणि कोळसाही बहुधा विम्लधर्मीच. तेव्हा भारी काळ्या रानात उत्पादन दुप्पट होईल असे कोणी सांगितले, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. मुरमाड, उताराच्या रानात पाणी धरून ठेवण्यासाठी मात्र तो जरूर करून पाहावा. आणि ज्या घरांत अजून पऱ्हाटीवर चूल पेटते, त्यांच्या वाट्याचे सरपण आधी बाजूला काढावे. आपण ज्याला कचरा म्हणतो, ते एखाद्या भूमिहीन माउलीचे इंधन असते.

आता कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या आहेत. एक टन बायोचार जमिनीत घातला की सुमारे दोन टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेबाहेर ठेवल्याचा हिशोब होतो आणि तो हिशोब जगाच्या बाजारात विकला जातो. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने 'वराह' या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत असे एक लाख टनांचे श्रेय घेण्याचा करार जाहीर केला. यात वाईट काही नाही. परंतु उद्या कोणी करारपत्र घेऊन दारी आले, तर सही करण्यापूर्वी विचारावे : श्रेयाची मालकी कोणाची? मजुरी कोण देणार? करार किती वर्षांचा? आणि मुख्य म्हणजे, माझी पऱ्हाटी घेऊन गेल्यावर कोळसा माझ्याच शेतात परत येणार की दुसरीकडे जाणार? तो परत येणार नसेल, तर आपण आपल्या जमिनीचा कर्ब विकतो आहोत आणि तशीच किंमत मागितली पाहिजे.

शाळेमागच्या शेतात खड्डा खणून ठेवला आहे. उद्या सकाळी सातला, वारा सुटण्यापूर्वी, आपण तो पेटवू. येताना फावडे आणा. पाण्याच्या दोन टाक्यांची आणि शेणकाल्याची व्यवस्था महिला बचत गटाने केली आहे. तुरीच्या तुराट्या असतील तर त्याही आणा. मात्र ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या त्यातून वेचून काढा.