मोटारीचा श्वास



एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. ही हवा धूळ अडवून इंजिनात सोडण्याचे काम एअर फिल्टर करतो. 'हवा अधिक, तर शक्ती अधिक' या समजुतीने मूळचा फिल्टर काढून बाजारातील महागडा फिल्टर वा नवी हवानळी बसविण्याकडे अनेक वाहनधारकांचा कल असतो. हा तर्क खोटा नाही. पण अपुरा आहे.

नित्याच्या प्रवासात पेट्रोल इंजिनात हवा किती जावी, हे थ्रॉटलची झडप ठरविते. ती अर्धवट मिटलेली असताना मोकळ्या फिल्टरचा लाभ तो काय? अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, इंधनाचा फवारा संगणकाने नियंत्रित होणाऱ्या गाड्यांचा फिल्टर तुंबला तरी इंधनखर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. मग स्वच्छ फिल्टर बदलून इंधन कसे वाचणार?

उलट, बॉनेटखालची गरम हवा ओढणारा उघडा फिल्टर शक्ती घटवितो. तापमान १० अंशांनी वाढल्यास हवा सुमारे ३ टक्के विरळ होते. नळीचे तोंड खाली आणल्यास पावसाळ्यात पाणी इंजिनात शिरून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. विरळ जाळीतून गेलेली धूळ सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा झिजविते.

शर्यतीच्या गाडीची गोष्ट निराळी. खेड्यापाड्यांच्या धुळीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या वाहनास मात्र मूळ प्रतीचा, वेळेवर बदललेला फिल्टरच हितावह होय.