चौथी नलिका

दाढ दुखू लागली की माणूस लवंग चावतो, मिठाच्या पाण्याने गुळण्या करतो आणि रात्रभर ठणका सोसून सकाळी आमच्याकडे येतो. ‘डॉक्टर, एकदाची नस मारून टाका,’ म्हणतो. दाढेत एक सरळ भोक आणि त्यात एक नस, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात मामला बराच गुंतागुंतीचा असतो.

खालच्या जबड्यातली पहिली दाढ घ्या. तिला बहुधा दोन मुळे असतात. पुढच्या मुळात दोन नलिका आणि मागच्यात एक, असा सर्वसाधारण हिशेब. पण दहापैकी सुमारे तीन दाढांत मागच्या मुळातही दोन नलिका निघतात. काहींना जिभेच्या बाजूला चक्क तिसरे मूळ असते. शेजारच्या दुसऱ्या दाढेत तर कधी कधी नलिका एकमेकींना मिळून अर्धगोल चर तयार होतो.

झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी १९१७ मध्ये यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. काढलेल्या दातांच्या पोकळीत त्यांनी रबर भरले आणि नंतर दात विरघळवून टाकले. उरलेल्या रबराच्या साच्यांत झाडाच्या मुळांसारखे फाटे दिसले!

हे सारे मी पुस्तकात वाचले होते. तरीही चुकलो. व्यवसायाच्या सुरुवातीला एका बाईंच्या दाढेतल्या तीन नलिका साफ करून भरल्या, वर टोपी बसवली. सहा महिन्यांनी त्या परत आल्या. ‘नस काढली होती ना? मग घास चावताना का दुखतं?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. टोपी काढून दाढ पुन्हा उघडली. मागच्या मुळातल्या नलिकेचे तोंड मधोमध नव्हते, एका बाजूला होते. याचा अर्थ दुसऱ्या बाजूला जोडीदार असणार. होताच. त्या चौथ्या नलिकेतले जंतू मुळाच्या टोकाशी हाड पोखरत होते. साध्या एक्स-रेत एकामागे एक असलेल्या नलिका एकच दिसतात, हे मला ठाऊक असूनही मी कोन बदलून दुसरा एक्स-रे काढला नव्हता. बाईंची मी माफी मागितली. दाढ वाचली.

म्हणून डॉक्टरांनी दुसरा एक्स-रे काढला, पुन्हा बोलावले, तर लगेच संशय घेऊ नका. ‘किती नलिका सापडल्या?’ असे मात्र जरूर विचारा.

आणि एक सांगायचे राहिले. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात. कीड लागली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणतात. ती पडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. आज घरी गेल्यावर मुलाला ‘आ’ करायला सांगा आणि एकदा तिच्याकडे बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)