स्वागताध्यक्षांचे भाषण



१९३६ च्या डिसेंबरात ज्या गावाने काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन आपल्या शिवारात भरवून घेतले, त्या फैजपुरात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करताना, शहरांच्या महापुराचा विचार केळीच्या बागांत बसून का करावयाचा, या काही मित्रांनी मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देणे भाग आहे. मुलताईस उगम पावलेली तापी चांगदेवापाशी पूर्णेला पोटात घेते, हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांतून भुसावळकडे उतरते आणि तेच पाणी पुढे उकाईच्या जलाशयातून सुरतेस जाते. २००६ च्या ऑगस्टात उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेकचा विसर्ग झाला आणि सुरत बुडाली. धरण भरलेले ठेवावे तर सिंचनाची व विजेची हमी. पुरासाठी जागा राखून ते रिते ठेवावे आणि उत्तरार्धात पावसाने दगा द्यावा, तर त्या रितेपणाचा तोटा कालव्याखालच्या रयतेच्या खाती पडतो. लाभ एका गावी, खर्च दुसऱ्या गावी, आणि दोन्ही गावे एका सरकारच्या हद्दीत असतीलच असेही नाही!

हवामान पालटल्यामुळे हा जमाखर्च अधिकच बिकट झाला आहे. मुंबईचे जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला. गतकाळाच्या सरासरीवर भावी बंदोबस्ताचे अंदाजपत्रक बेतण्याचे दिवस सरले, हे आता इंजिनिअर मंडळीही मान्य करतात. परंतु मला अधिक खुपते ते निराळेच: लाभाच्या रकान्यात केवळ वाचलेल्या मालमत्तेची किंमत मांडली, की पुराला अडविणारी भिंत प्रथम बंगल्यांच्या बाजूने उभी राहते, कारण नाल्याकाठच्या झोपडीची दप्तरी किंमत जवळजवळ शून्यच असते.

तरुणपणी याच खानदेशात नोकरी करून पांझरेवर सायफन बांधणाऱ्या विश्वेश्वरय्यांनी, १९०८ च्या मुसी नदीच्या प्रलयानंतर हैदराबादेस नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडविण्याची तजवीज सुचविली आणि त्यातून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय झाले. पाणी वरच्या अंगालाच अडविण्याचा तोच विचार येथेही करता येईल: आमच्या यावल-रावेरच्या विहिरी वर्षानुवर्षे खोल जात आहेत, आणि सातपुड्यातून येणारे पुराचे पाणी डोळ्यांदेखत तापीत निघून जाते. पायथ्याच्या गाळवट, पाणी पिणाऱ्या जमिनीत ते मुरविल्याने सुरतेचा महापूर टळेल, असे म्हणणे फाजील उत्साहाचे होईल. तथापि केळीची मृगबाग जगविणारे ते पाणी पूरनियंत्रणाच्या हिशेबात जमेस का धरू नये, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

उद्या सकाळी प्रतिनिधींना हतनूरला नेण्याची व्यवस्था केली आहे. तेथे दरवाजांबरोबरच जलाशयात साठलेला गाळही पाहावा, आणि ज्यांची शेते फुगवट्याखाली येतात त्या खातेदारांशी दोन शब्द बोलावे, ही विनंती. भोजनास भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. तिखटाबद्दल मात्र स्वागतसमिती जबाबदार नाही. आता अध्यक्षमहाराजांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत.