विमानतळावरून गावात, बसने



समितीने आम्हाला दहा मिनिटं दिली आहेत आणि तीही जेवणाच्या आधीची! म्हणून विषय साधाच निवडलाय. बेटावरच्या विमानतळावर उतरायचं आणि स्वस्तातल्या लोकल बसने गावात जायचं. आजच्या निधीशी याचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे, ओघात येईलच.

बेट म्हणजे झ्युल्ट. जर्मनीच्या अगदी उत्तर टोकाला, डेन्मार्कला खेटून. आपल्याकडे अलिबाग म्हटलं की जसे मोठ्या लोकांचे बंगले आठवतात, तसं इथल्या लोकांना झ्युल्ट म्हटलं की गवताने शाकारलेली, भयंकर महाग घरं आठवतात. विमानतळावर खाजगी छोटी विमानंही उभी असतात. गेल्या उन्हाळ्यात मंडळातली आम्ही चार कुटुंबं तिथे उतरलो. वेस्टरलांड हे मुख्य गाव तिथून जेमतेम दोन-तीन किलोमीटर. टॅक्सी की बस, यावर रीतसर चर्चा झाली (मराठी माणसं ना आपण!) आणि बस ठरली. मोठ्यांच्या खिशात डॉइचलांड-टिकेट होतंच, ते बेटावरच्या बसमध्येही चालतं. मुलांची तिकिटं ड्रायव्हरकडे काढली.

त्या दहा-पंधरा मिनिटांत आमच्याखेरीज पर्यटक असे कुणी दिसलेच नाहीत. जाकिटाखाली हॉटेलचा गणवेश घातलेल्या दोन बायका, दप्तरं घेतलेली मुलं, भाजीची पिशवी मांडीवर धरलेले एक आजोबा. बस रेल्वे स्टेशनलगतच्या स्टँडवर थांबली आणि त्या दोघी लगबगीने फलाटाकडे गेल्या.

त्या का गेल्या, ते नंतर कळलं. बेटावर घरभाडं इतकं आहे की तिथे खोल्या आवरणारे, स्वयंपाक करणारे, म्हाताऱ्यांची काळजी घेणारे हजारो लोक तिथे राहूच शकत नाहीत. ते रोज मुख्य भूमीवरून, नीब्युलच्या बाजूने, समुद्रात बांधलेल्या ११ किलोमीटरच्या बांधावरून रेल्वेने ये-जा करतात. हा हिंडेनबुर्गडाम. त्यावर रस्ता नाही, फक्त रूळ. मोटारीसुद्धा आगगाडीवर चढून येतात. तो सुरू झाला १ जून १९२७ रोजी. तारीख जरा लक्षात ठेवा.

बेटावर पूर्वी स्वतःची छोटी रेल्वेही होती. १८८८ साली मुंकमार्श बंदर ते वेस्टरलांड अशी ती सुरू झाली आणि १९७० च्या अखेरीस बंद पडली. तिचं काम मग बसने उचललं. जुन्या रुळांच्या वाटेवरून आता लोक सायकली चालवतात.

हे सगळं चालतं कशावर? आम्ही सॉफ्टवेअरवाले, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. डॉइचलांड-टिकेट मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ चं आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरोचं झालं. तरी तेवढ्याने भागत नाही. केंद्र आणि राज्यं मिळून वर्षाला तीन अब्ज युरो घालतात. म्हणजे आपल्या शेजारच्या सीटचे थोडे पैसे दुसऱ्याच कुणीतरी भरलेले असतात, आणि आपल्या सीटचेही!

२०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये ९ युरोचं तिकीट होतं तेव्हा याच वेस्टरलांडमध्ये पंक मंडळींनी तळ ठोकला होता. 'आमच्या बेटावर हे कोण आले?' म्हणून बरीच कुरकुर झाली. प्रश्न खरा एवढाच होता, की बेट कुणाचं?

तसं पाहिलं तर आपणही बेटावरच्याच विमानतळावर उतरतो. सहार आणि सांताक्रूझ साष्टी बेटावर आहेत. मुंबईत पहिली बस धावली १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. बेस्टचं किमान भाडं जुलै २०१९ मध्ये पाच रुपयांवर आलं होतं, मे २०२५ मध्ये ते दहा झालं. आपण बॅगा घेऊन टॅक्सीत बसतो. पण त्याच विमानतळावर झाडू मारणाऱ्या बाईला हे पाच रुपये दोन्ही वेळा मोजावे लागतात.

आता ती तारीख. १ जून! १९४८ साली याच दिवशी पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) पहिली एसटी धावली. आज एसटीत शाळकरी मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. योजना फार चांगली. पण ज्या वाडीवर गाडीच जात नाही, तिथे पास दप्तरातच राहतो. मग वडापच्या जीपला लटकायचं, नाहीतर पावसाळ्यात ओढा ओलांडून चालायचं. मुलगा कसाबसा जातो. मुलीला घरचे म्हणतात, 'बास झालं शिक्षण.'

आजचा निधी अशाच काही वाड्यांवरच्या मुलींच्या शाळेच्या गाडीसाठी आहे. गाडी घेणं त्यामानाने सोपं, फोटोही छान येतो. कठीण आहे ती गाडी रोज सकाळी वेळेवर दारात आणणं. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, टायर, विमा. हा खर्च दर महिन्याचा आहे आणि गाडीत तीनच मुली असल्या तरी तेवढाच आहे. आठवड्यातून दोनदा गाडी आली नाही, तर आई-वडिलांचा भरवसा उडतो, आणि एकदा मुलगी घरी बसली की तिला पुन्हा बाहेर काढणं महाकठीण.

म्हणून आमची विनंती जरा वेगळी आहे. आज एकदम शंभर युरो देणाऱ्यांचे आभारच, पण जमलं तर दरमहा दहा द्या आणि बँकेला कायमची सूचना देऊन विसरून जा. झ्युल्टच्या बसमध्ये आमच्या सीटचे थोडे पैसे अनोळखी माणसांनी भरले होते. त्या वाडीवरच्या गाडीतही अशी एक सीट तुमच्या नावावर लागू दे.

फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहेत. जेवणही तिकडेच आहे, त्यामुळे चुकणार नाही!