अठरा वर्षांनंतर काय?



आई-बाप गेलेल्या मुलाला मामा-आत्याच्या घरी वाढता यावे म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिच्यात दरमहा २२५० रुपये मिळतात. अठरा वर्षे पूर्ण झाली की रक्कम बंद. हा वाढदिवस बहुधा बारावीच्या वर्षातच येतो, म्हणजे कॉलेजची फी भरायच्या वेळीच आधार तुटतो. आपल्या घरातली मुले अठराव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभी राहतात काय? मग पोरक्याकडूनच ही अपेक्षा का?

२०१५ च्या बालन्याय अधिनियमातील कलम ४६ नुसार बालगृह सोडणाऱ्या मुलाला अठरानंतरही आर्थिक मदत देता येते. नियमांप्रमाणे एकविसाव्या, अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत. नातेवाइकाकडे वाढलेल्याचा मात्र त्या कलमात उल्लेखच नाही. ज्या घराने शासनाचा बालगृहाचा खर्च वाचवला त्यालाच वगळायचे, हे आम्हाला पटत नाही. शिक्षण चालू असेल तर निदान एकविसाव्या वर्षापर्यंत रक्कम मिळावी, अशी आमची मागणी आहे.

१९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा समाजाजवळ पैसा कुठे होता? पण राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर शिक्षण टिकत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

मागणी मान्य होईपर्यंत आपण काय करणार? वस्तीतील सतरा वर्षे पूर्ण झालेल्या अशा मुलांची यादी विहारात करावी. जातीचे, उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवावेत. आणि वसतिगृहाच्या अर्जावर स्थानिक पालक म्हणून सही लागते. तिथे आपल्यापैकी कोणीतरी गेलेच पाहिजे.