ठिणगीचा गोंगाट

गाणे ऐन रंगात आले असता दारावरून एखादी जुनी मोटार जावी आणि रेडिओने अकस्मात खरखर करावी, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. दोष बिचाऱ्या रेडिओचा नसे. १८८७ साली हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी विद्युत्‌-ठिणगीतून अदृश्य लहरी उठविल्या; पेट्रोलचे एंजिन तोच प्रयोग अखंड करीत असते. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेऊ लागले, की सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात आणि स्पार्क प्लगची तार एरियल बनते.

१९३० च्या सुमारास अमेरिकेत मोटारीतच रेडिओ बसू लागला, तेव्हा ही खरखर अगदी कानाशी आली. उपाय करावा लागला तो उगमापाशी. प्लगच्या तारेत काही हजार ओहमांचा रोध घालीत, जनित्राला धारित्र जोडीत. ठिणगी दुबळी होईल, ही चालकांची धास्ती मात्र बव्हंशी अनाठायी होती. तारेतला प्रवाह मुळातच अल्प, रोध दाबतो ते त्याचे अतिजलद हेलकावे.

पण ज्याच्या गाडीत रेडिओच नाही, त्याने शेजाऱ्यासाठी खर्च का करावा? ब्रिटनमध्ये अखेर १९५२ साली तसा नियमच करावा लागला. पुढे तांब्याऐवजी कार्बनयुक्त धाग्याच्या तारा आल्या आणि रोध तारेच्या अंगातच मुरला.