पडद्यावरील खेळांची कुळे

बुद्धिबळाच्या पटावरील ज्या मोहऱ्याला मराठी माणूस उंट म्हणतो, त्याच मोहऱ्यात इंग्रजाला धर्मगुरू दिसतो. तथापि उंट असो वा धर्मगुरू, चाल तिरपीच. आणि खेळणाऱ्याचे सारे लक्ष त्या चालीकडे असते. व्हिडिओ गेम म्हणजे पडद्यावरचे खेळ. त्यांची कुळे लावावयाची तर हीच दृष्टी पत्करावी लागते.

कादंबऱ्यांची वर्गवारी विषयावरून करता येते: ऐतिहासिक, सामाजिक, रहस्यमय. खेळांना हा न्याय लावला की घोटाळा होतो. १९७८ साली जपानात निघालेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये आकाशातून शत्रूंच्या रांगा खाली सरकत येतात आणि त्यांना वेळीच टिपणे एवढेच खेळाडूचे काम. १९९३ सालच्या ‘मास्टर ऑफ ओरायन’मध्येही अंतराळच आहे, परंतु तेथे ग्रहोपग्रही वसाहती वसवाव्या, उत्पन्नाची वाटणी करावी, शेजाऱ्यांशी तह करावे, आणि हे सारे आपली पाळी आली म्हणजे सावकाश. एकात बोटांची चपळाई, दुसऱ्यात कारभाऱ्याची बुद्धी. तारे दिसतात म्हणून दोहोंना एका कपाटात बसविणे म्हणजे घोडा आहे म्हणून पोवाडा आणि पशुवैद्यक एकत्र बांधण्यासारखे होय.

ख्रिस क्रॉफर्ड या अमेरिकन रचनाकाराने संगणकीय खेळांच्या कलेवरील १९८४ च्या आपल्या पुस्तकात हीच रेषा आखली: एकीकडे कौशल्याचे व हालचालीचे खेळ, दुसरीकडे डावपेचांचे. आपलीच वर्गवारी अचूक, असा दावा मात्र त्याने केला नाही. इतर कोणाचाही तसा दावा मानण्यास तो तयार नव्हता. पुढील इतिहास पाहता हा सावधपणा योग्यच म्हटला पाहिजे.

नवे कूळ जन्मास येते तेव्हा त्याला बहुधा स्वतःचे नाव नसते. मूळपुरुषाच्या नावावरच त्याचा निर्वाह चालतो. १९९३ साली ‘डूम’ आला आणि त्या धर्तीचे खेळ कित्येक वर्षे ‘डूमच्या नकला’ म्हणूनच ओळखले गेले. पुढे खेळाडूच्या नजरेतून दिसणारी नेमबाजी, अशा अर्थाचे नाव रूढ झाले. पण २००७ सालच्या ‘पोर्टल’मध्येही नजर तीच, हातात बंदुकीसारखे साधनही तेच, मात्र त्यातून गोळी सुटत नाही. भिंतीवर परस्परांना जोडलेली दोन द्वारे उघडतात, एकातून शिरावे आणि दुसऱ्यातून निघावे. शिरताना जो वेग तोच निघताना, हे ध्यानी घेऊन पुढची वाट शोधावयाची. हे तर कोडे झाले! चित्र पाहून मुलाच्या हातून तो खेळ काढून घेणारा वडीलधारा माणूस भूमितीचाच एक पाठ काढून घेत असतो.

याहून बिकट कथा ‘रोग’ या खेळाची. १९८० च्या सुमाराचा हा अमेरिकन खेळ केवळ अक्षरे आणि चिन्हे यांनी रेखाटलेला. तळघरातील वाटा प्रत्येक डावात नव्या, चाल पाळीपाळीने, आणि मरण आले की सारे संपले. त्याच्या वंशजांना ‘रोगलाइक’ म्हणतात. अशा खेळांच्या रचनाकारांनी २००८ साली बर्लिनला परिषद भरवून या कुळाची लक्षणे ठरविली. नव्याने घडणाऱ्या वाटा, कायमचे मरण आणि पाळीची चाल ही थोर लक्षणांत बसली. अक्षरांचे चित्रण गौण लक्षणांत गेले. रूपाला दुय्यम मानण्याचा हा निवाडा मार्मिक आहे.

परंतु त्याच वर्षी ‘स्पेलंकी’ अवतरला. गुहा दर वेळी नव्या, मरण कायमचे, पण पाळी कसली? धावणे आणि उड्या मारणे, तेही क्षणाक्षणाच्या हिशेबाने. शिक्का तोच बसला, आणि त्या शिक्क्यावर विसंबून, एकेका चालीवर घटकाभर विचार करण्याच्या आशेने पैसे मोजणाऱ्या जुन्या रसिकाच्या पदरी उड्या आल्या. यातूनच ‘रोगलाइट’ हे आणखी एक नाव निघाले. आणि त्याची सीमा कोठे आखावी, यावर त्या रसिकांचे वाद अद्याप मिटलेले नाहीत.